नेश्टा काढताना: एक्सई फाइलींना लागलेल्या व्हायरसचा अनुभव

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी जुन्या संगणकावरचे स्कॅन लॅपटॉपवर घ्यायला पेन ड्राइव्ह लावला आणि विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, म्हणजे विंडोज डिफेंडरची, सूचना आली: ‘व्हायरस:विन३२/नेश्टा.ए’. पाठोपाठ आणखी एक, मग आणखी एक. पेन ड्राइव्हवर स्कॅन केलेल्या चित्रांशेजारी तीन-चार छोटे प्रोग्राम होते, चित्रांचा आकार कमी करणारा, फाइलींची नावं बदलणारा वगैरे. सूचना फक्त त्या प्रोग्रामांच्या नावाने येत होत्या. चित्रांबद्दल डिफेंडरची काहीच तक्रार नव्हती. पुढचं सगळं काम या फरकावरच उभं राहिलं.

तो जुना संगणक विंडोज ७ वर चालतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला, तरी तो ठेवावा लागला, कारण त्याला जोडलेल्या फ्लॅटबेड स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, नव्या विंडोजवर चालत नाही. आजोबांची हस्तलिखितं आणि पत्रं आम्ही दोघी बहिणी त्यावर स्कॅन करतो. कागद इतके ठिसूळ झाले आहेत की काही पानं दुसऱ्यांदा काचेवर ठेवता येणार नाहीत. म्हणून ती सूचना वाचल्यावर पोटात गोळा आला.

एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, “फॉरमॅट मार आणि मोकळी हो.” इंटरनेटवर शोधलं तर एकीकडे “हे टूल डाउनलोड करा, स्कॅन करा, झालं” असे लेख आणि दुसरीकडे असेम्ब्ली भाषेतल्या आज्ञांनी भरलेले तज्ज्ञांचे अहवाल. व्हायरस काढला तरी परत का येतो, कोणत्या फाइली उचलायच्या आणि कोणत्या नाहीत, हे साध्या शब्दांत कुठे मिळेना. म्हणून मी जे केलं ते ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने इथे मांडते.

पहिल्या तासात तीनच गोष्टी केल्या. जुन्या संगणकाची नेटवर्कची वायर काढली. त्यावर कोणताही प्रोग्राम उघडायचा नाही असं ठरवलं. आणि एका कागदावर गेल्या वर्षभरात त्या संगणकाला जे जे जोडलं गेलं होतं ते सगळं लिहून काढलं: दोन पेन ड्राइव्ह, बॅकअपची बाह्य डिस्क, कॅमेऱ्याचं कार्ड, आणि ताईचा लॅपटॉप, जो नेटवर्कवरून याच संगणकातला एक फोल्डर ड्राइव्ह म्हणून वापरत होता. हा कागद फार उपयोगी पडला. प्रत्येक वस्तूपुढे ‘तपासली’ अशी खूण होईपर्यंत ती दुसऱ्या कशालाही जोडायची नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

शनिवारची उरलेली दुपार वाचण्यात गेली. नेश्टा वीसेक वर्षं जुना आहे, डेल्फी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, आणि त्याच्या आत ‘मेड इन बेलारूस’ अशी ओळही सापडते. तो फाइलींना लागणाऱ्या व्हायरसांपैकी आहे. ट्रोजन किंवा वर्म बहुतेक वेळा स्वतःची वेगळी फाइल बनवून राहतो. ती फाइल आणि तिला सुरू करणारी नोंद काढली की बरंचसं काम होतं. फाइलींना लागणारा व्हायरस आपल्याच प्रोग्रामांच्या पोटात शिरतो. आपण तो प्रोग्राम चालवला की आधी व्हायरस चालतो, आणखी काही फाइलींना लागतो, आणि मग मूळ प्रोग्राम नेहमीसारखा उघडतो. समोर काहीच बिघडलेलं दिसत नाही, त्यामुळे आपण तो रोज चालवत राहतो.

शिरण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. विंडोजच्या प्रत्येक एक्सई फाइलच्या, म्हणजे चालवता येणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलच्या, सुरुवातीला हेडर असतो, फाइलची माहिती देणारा भाग. प्रोग्रामची पहिली आज्ञा कुठून चालवायची, म्हणजे एंट्री पॉइंट, तो पत्ता त्यात लिहिलेला असतो. काही व्हायरस आपला कोड फाइलच्या शेवटी जोडतात आणि हा पत्ता बदलून स्वतःकडे वळवतात. आपलं काम झालं की मूळ पत्त्यावर उडी मारतात. १९९८ चा सीआयएच फाइलच्या विभागांमध्ये शिल्लक राहिलेल्या रिकाम्या जागांत स्वतःचे तुकडे भरायचा, त्यामुळे फाइलचा आकार वाढतच नसे. २६ एप्रिल १९९९ ला त्याने असंख्य संगणकांच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि बायॉसवरही, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामवरही, घाला घातला. त्याआधी १९८७ मध्ये सापडलेला जेरुसलेम तर एकाच एक्सई फाइलला पुन्हापुन्हा लागायचा. फाइल फुगत फुगत मेमरीत मावेनाशी व्हायची. त्याच्या लेखकाची ती चूक होती. बहुतेक व्हायरस बाधित फाइलवर काहीतरी खूण ठेवतात किंवा ती ओळखतात, म्हणजे तीच फाइल दुसऱ्यांदा धरली जात नाही आणि गुपित टिकतं.

नेश्टाची तऱ्हा पुढून शिरण्याची. मूळ फाइलच्या सुरुवातीच्या जागी तो स्वतः बसतो आणि तिथला मूळ भाग शेवटाला नेऊन ठेवतो, त्यातला थोडा कूटबद्ध करून. प्रोग्राम चालवला की टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात ‘३५८२-४९०’ नावाचा फोल्डर बनवून त्यात मूळ प्रोग्राम पुन्हा जुळवतो आणि तिथून चालवतो. हे वाचल्यावर मला धीर आला. मूळ फाइल आतच शाबूत असेल तर ती बाहेर काढता येईल.

रविवारी प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं. आजारी विंडोज सुरू करायचं नव्हतं, म्हणून लॅपटॉपवर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवला, म्हणजे डिस्कवरच्या विंडोजला हात न लावता संगणक पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर चालतो असा, आणि जुना संगणक त्यावरून बूट केला. विंडोजच्या एक्सई फाइली लिनक्स आपणहून चालवत नाही, त्यामुळे व्हायरस डिस्कवर नुसता पडून राहतो. आतली डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली, म्हणजे माझ्या हातूनही काही बदल होणार नाही.

आधी नावं बदलणारा छोटा प्रोग्राम पाहिला. त्याची तीच आवृत्ती बनवणाऱ्याच्या साइटवर अजून होती. ती लॅपटॉपवर उतरवून दोन्हींचा आकार ताडून पाहिला. माझ्याकडची फाइल ४१,४७२ बाइट्सनी मोठी निघाली. दुसरा प्रोग्राम, तोही उतरवून पाहिला: फरक पुन्हा ४१,४७२. तिसरा: ४१,४७२. नेश्टाचा स्वतःचा आकार म्हणून अहवालांत वाचलेला हाच आकडा आपल्या डिस्कवर असा दिसल्यावर अंगावर काटा आला, पण निदानाबद्दलची शंकाही तिथेच संपली.

मग दोन्ही फाइली हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, शेजारी शेजारी उघडल्या. स्वच्छ फाइलच्या पहिल्या ओळींत ‘हा प्रोग्राम डॉस मोडमध्ये चालवता येणार नाही’ या अर्थाचं नेहमीचं इंग्रजी वाक्य होतं. बाधित फाइलमध्ये त्या जागी ‘हा प्रोग्राम विन३२ खालीच चालवला पाहिजे’ असं वाक्य. पहिलं वाक्य मायक्रोसॉफ्टची साधनं टाकतात आणि दुसरं डेल्फी टाकते. म्हणजे फाइलचं नाव माझ्या प्रोग्रामचं आणि हेडर व्हायरसचा. फाइल विंडोजमध्ये पाहिली असती तर गुणधर्मांच्या चौकटीतला बनवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल सहीचा टॅबही गायब दिसला असता, कारण सही कुठे आहे हे सांगणारी नोंद मूळ हेडरमध्ये असते आणि तो हेडर आता शेवटी कूटबद्ध होऊन पडलेला असतो. एक सावधगिरी: डेल्फीत लिहिलेले चांगले प्रोग्रामही भरपूर आहेत, अनेक इन्स्टॉलर त्यातच बनतात. त्यामुळे नुसतं ते वाक्य पाहून फाइल पुसू नका.

विंडोजच्या फोल्डरात एसव्हीसीहोस्ट.कॉम नावाची फाइल सापडली. खरी एसव्हीसीहोस्ट सिस्टम३२ फोल्डरात असते आणि तिचं एक्स्टेन्शन एक्सई असतं. ही नेश्टाची स्वतःची प्रत. तिच्याजवळच डायरेक्टएक्स.सिस नावाची इवलीशी फाइल होती, जिच्यात नेश्टा चालवायच्या प्रोग्रामचा पत्ता लिहून ठेवतो.

आता टिकून राहण्याचा मुद्दा. विंडोजमध्ये एक्सई फाइलवर डबल क्लिक केल्यावर काय करायचं हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं: एचकी क्लासेस रूट, त्याखाली एक्सईफाइल, शेल, ओपन, कमांड. तिथे मुळात एवढंच असतं की दिलेली फाइल जशी आहे तशी चालव. नेश्टा त्या जागी एसव्हीसीहोस्ट.कॉमचं नाव आधी घालतो. त्यामुळे कोणताही प्रोग्राम उघडा, तो आधी नेश्टाच्या हातून जातो. देवडीवरचा पहारेकरीच फितूर झाल्यासारखं. तो त्या प्रोग्रामला लागतो, मग त्याला चालू करतो. शिवाय जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हांवर एक्सई शोधत फिरतो, त्यात पेन ड्राइव्ह आले, नेटवर्कवरचे ड्राइव्ह आले. विंडोजचं फोल्डर, प्रोग्राम फाइल्स आणि टेम्प यांना मात्र तो टाळतो. सिस्टमच्या फाइलींना हात लावला तर विंडोज कोलमडेल आणि तो उघडा पडेल, असं मला त्यामागचं कारण वाटतं. माझ्या डिस्कवरही तसंच दिसलं: बाधा झालेले प्रोग्राम जवळपास सगळे स्वतंत्र फोल्डरांत ठेवलेले, इन्स्टॉल न करता चालणारे.

पण कोड्याचा एक तुकडा बसत नव्हता. त्या संगणकावर अँटिव्हायरस होता, जुना का होईना. त्याच्या नोंदींची फाइल लिनक्समधून उघडून वाचली. नेश्टा त्याने पकडला होता, पुन्हापुन्हा, कित्येक महिने. दर वेळी ‘काढून टाकला’ असं लिहिलेलं, आणि काही दिवसांनी परत तेच नाव. स्कॅनरवर काम करताना अँटिव्हायरसच्या सूचनांचे छोटे चौकोन येऊन जात असणार आणि ‘काढून टाकला’ वाचून विषय संपत असणार.

तारखा एकाखाली एक लिहिल्यावर त्यात एक लय दिसली. प्रत्येक गुच्छ महिन्याच्या अखेरीस होता, आणि महिन्याच्या अखेरीस मी बॅकअप घेते. बॅकअपचा प्रोग्राम त्या बाह्य डिस्कवरच ठेवलेला आहे, कोणत्याही संगणकावरून चालवता यावा म्हणून. प्रोग्रामच्या मदतपुस्तिकेत सुचवलं होतं की बॅकअप वेगाने व्हावा म्हणून ही डिस्क अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावी, आणि अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये ती वगळलेली होती. म्हणजे डिस्कवरचा बॅकअप प्रोग्राम बाधित, त्यावर कोणाची नजर नाही, आणि दर महिन्याला संगणक स्वच्छ झाला की तोच प्रोग्राम त्याला पुन्हा बाधा देत होता. अँटिव्हायरस आपलं काम करत होता. फक्त मूळ त्याच्या नजरेबाहेर होतं.

तुमच्याकडे व्हायरस काढूनही परत येत असेल तर हे दोन कागद जरूर काढा: अँटिव्हायरसच्या नोंदींतल्या तारखा आणि तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी. शेजारी ठेवून वाचा. मला जेवढं कळलं त्यातलं निम्मं याच दोन कागदांतून कळलं.

रविवारी रात्री रेस्क्यू डिस्क लावली. काही अँटिव्हायरस कंपन्या अशी बूट होणारी डिस्क मोफत देतात. ती पेन ड्राइव्हवर उतरवून संगणक तिच्यावरून सुरू करायचा. व्हायरस ओळखायला तिला ताजी व्याख्या-फाइल लागते, म्हणून ती लॅपटॉपवरून घेऊन दिली. बाधित फाइल सापडल्यावर काय करायचं हे ती विचारते: दुरुस्त करा, वेगळी ठेवा, पुसा. इथे घाई करू नका. ‘पुसा’ निवडलं तर व्हायरसबरोबर तुमचा प्रोग्रामही जातो. नेश्टासारख्या व्हायरसमध्ये दुरुस्ती खरोखर शक्य असते, कारण मूळ भाग फाइलमध्येच असतो. विरुट किंवा सॅलिटी हे फाइलींना लागणारे दुसरे व्हायरस निघाले असते तर मी हा मार्ग धरला नसता. विरुट कित्येक फाइली लागतानाच बिघडवून ठेवतो, आणि सॅलिटी प्रत्येक फाइलमध्ये वेगळं रूप घेतो, वर सेफ मोडच्या रजिस्ट्री नोंदीही उडवतो.

तपासणी रात्रभर चालली आणि सोमवारी दुपारी संपली. आतल्या डिस्कवर आणि बाह्य डिस्कवर मिळून शेकडो फाइली दुरुस्त झाल्याची यादी मिळाली. ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या फोल्डरातही काही नावं होती, म्हणजे विंडोजला जुन्या तारखेला परत नेता यावं म्हणून साठवलेल्या रिस्टोअर पॉइंटमध्ये व्हायरसच्या प्रती. जुन्या तारखेला परत गेलं असतं तर त्याही जिवंत झाल्या असत्या. ते फोल्डर पूर्ण रिकामं केलं.

मग विंडोज सुरू केलं. डेस्कटॉप आला, चिन्हं दिसली, आणि कोणताही प्रोग्राम उघडेना. कशावरही डबल क्लिक करा, ‘फाइल सापडत नाही’. स्टार्ट मेन्यूतूनही तेच. क्षणभर वाटलं सगळं गेलं. कारण मात्र आधीच वाचलेलं होतं: रेस्क्यू डिस्कने एसव्हीसीहोस्ट.कॉम काढली, पण रजिस्ट्रीतला उल्लेख तसाच राहिला. प्रत्येक प्रोग्राम उघडताना विंडोज आता नसलेल्या फाइलकडे जात होतं. ज्याने रजिस्ट्री दुरुस्त करायची तो रेजएडिटही एक्सईच, त्यामुळे तोही उघडेना.

यावर उपाय आहे आणि तो आधीच तयार ठेवण्यासारखा आहे. रेग एक्स्टेन्शनची एक छोटी मजकूर-फाइल बनवायची, जी त्या कमांडच्या जागी मूळ किंमत लिहिते: दुहेरी अवतरणात टक्का-एक, मग एक मोकळी जागा, मग टक्का-तारा. रेग फाइल उघडण्याची नोंद वेगळी असते, नेश्टाने ती छेडलेली नसते, म्हणून ती फाइल डबल क्लिकने चालते. फाइल लॅपटॉपवर लिहून, कोऱ्या पेन ड्राइव्हवरून आणली, चालवली, ‘हो’ म्हटलं, संगणक पुन्हा सुरू केला. प्रोग्राम उघडले. हे वाचणाऱ्या कोणावर ही वेळ आली तर घाबरून विंडोज पुसू नका. डिस्कवर काही गेलेलं नसतं.

मंगळवारी दुरुस्त झालेल्या फाइलींची पडताळणी. ज्यांची मूळ प्रत इंटरनेटवर मिळते त्यांचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला तिचा ठसा, काढून जुळवला. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आहे, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. दोन्ही फुकट आणि आधीपासून असतात. बरेच हॅश तंतोतंत जुळले. काहींचे जुळले नाहीत, म्हणजे प्रोग्राम चालत असला तरी तो बाइटनबाइट मूळ नव्हता. ज्यांचा हॅश जुळला नाही त्या फाइली सरळ पुसून नव्याने उतरवल्या. व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसांनी फाइल तपासणाऱ्या साइटवरही तपासलं, पण तिथे आधी हॅश शोधावा, फाइल चढवू नये. चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही मिळते; खाजगी काही असेल तर ते बाहेर जातं.

हस्तलिखितांचे स्कॅन टिफ फाइलींत आहेत. चित्र, ध्वनी, साधा मजकूर या फाइली उघडल्यावर त्यातला मजकूर आज्ञा म्हणून चालत नाही, आणि नेश्टा फक्त एक्सई शोधतो. तरीही नुसत्या विधानावर विसंबले नाही. ताईकडे गेल्या वर्षी दिलेल्या डीव्हीडीवरच्या प्रतींशी हॅश जुळवले. सगळे जुळले. ताईला फोन केला तेव्हा दोघींनाही थोडा वेळ बोलता आलं नाही.

तरी बुधवारी ठरवलं की विंडोज नव्यानेच घालायचं. नेश्टा गेला होता, पण बाधित फाइलींच्या आत आणखी काही असू शकतं. नेश्टा कोणत्याही एक्सईला लागतो, त्यात दुसरा एखादा ट्रोजनही असू शकतो. एवढे महिने उघड्या राहिलेल्या यंत्रावर मी हमी देऊ शकत नव्हते. नव्या स्थापनेसाठी विंडोज ७ ची मूळ डीव्हीडी वापरली. एकदा छापलेल्या डीव्हीडीवर कोणालाच काही लिहिता येत नाही, व्हायरसलाही नाही, त्यामुळे ती निर्धास्तपणे चालली. प्रॉडक्ट की आधी शोधून ठेवा, डीव्हीडीच्या खोक्यावर असते किंवा संगणकाच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर.

मोठी काळजी स्कॅनरच्या ड्रायव्हरची होती. बनवणाऱ्यांनी तो साइटवरून कधीच काढला आहे. माझ्याकडच्या उलगडलेल्या फोल्डरातला सेटअप बाधित होता. पण त्याच डिस्कवर मूळ झिप फाइलही होती, जशी उतरवली तशी. नेश्टा झिपच्या आत शिरत नाही. लिनक्सवर ती उलगडली, आतल्या सेटअपचा आकार बाधित प्रतीपेक्षा ४१,४७२ नी कमी, हेडर स्वच्छ, आणि हॅश व्हायरसटोटलला जुन्या ओळखीचा. तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलर मी झिपमध्ये ठेवते आणि शेजारी हॅशची मजकूर-फाइल.

कागदपत्रांचा भाग यानंतर आला आणि त्यातच जास्त वेळ गेला. स्कॅनरचे रंग जुळवणारं एक विकतचं सॉफ्टवेअर होतं, दोन यंत्रांपुरता परवाना. नव्याने घातलेल्या विंडोजवर ते चालू होईना, कारण त्यांच्या हिशेबी जुनी स्थापना अजून जिवंत होती. सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की आधी जुन्या यंत्रावरून परवाना सोडा. जुनं विंडोज पुसलेलं आहे, हे कळवलं. मग खरेदीची पावती, परवाना क्रमांक, यंत्राचा ओळखक्रमांक आणि काय घडलं याची चार ओळींची हकिगत मागितली. पावती जुन्या ईमेलमध्ये मिळाली. मधे शनिवार-रविवार गेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी परवाना मोकळा केला आणि इन्स्टॉलरचा नवा दुवाही पाठवला, ज्यावर डिजिटल सही होती. तुम्ही विंडोज पुसण्याच्या बेतात असाल तर आधी परवाने सोडता येतात का पाहा. येत नसतील तर निदान परवाना क्रमांकांचे फोटो काढून ठेवा.

ताईच्या लॅपटॉपवर डिफेंडरचा संरक्षण इतिहास उघडला. तिथे शेअर केलेल्या फोल्डरातल्या फाइली अडवल्याच्या नोंदी होत्या, म्हणजे बाधा तिच्या दारापर्यंत आली आणि थांबली. खात्रीसाठी रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून तपासणी केली. त्यासाठी बायॉसमधलं सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी डिस्कवरून सुरू होऊ न देणारं संरक्षण, बंद करावं लागलं, आणि परत विंडोजमध्ये येताना डिस्क कूटबद्ध ठेवणाऱ्या बिटलॉकरने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. खातं फोनवरून उघडून, ताई आकडे वाचत गेली आणि मी टाकत गेले. ही की आधी उतरवून घेतल्याशिवाय बायॉसमध्ये हात घालू नका. लॅपटॉप स्वच्छ निघाला.

पासवर्ड फोनवरून बदलले, ईमेलपासून सुरुवात करून. ज्यांना गेल्या वर्षभरात त्या पेन ड्राइव्हवरून काही दिलं होतं त्या सगळ्यांना कळवलं: व्हायरसचं नाव, अंदाजे तारखा, चित्रांना धोका नाही पण सोबतचे प्रोग्राम उघडू नयेत, आणि विंडोजच्या फोल्डरात एसव्हीसीहोस्ट.कॉम दिसते का पाहावं. हे लिहायला जड गेलं. पण एकाने लगेच फोटो पाठवला: त्याच्या संगणकावर ती फाइल होती. मग त्याला रेग फाइल आधी पाठवली आणि रेस्क्यू डिस्क नंतर.

रोख खर्च एकच झाला, नवी बाह्य डिस्क. जुनीवरचा सगळा डेटा लिनक्समधून नवीवर आणला, फक्त टिफ, पीडीएफ आणि मजकूर. एक्सई, कॉम आणि एससीआर, म्हणजे चालू शकणाऱ्या फाइली, मागेच राहिल्या. मग जुनी फॉरमॅट केली. आता बॅकअपचा प्रोग्राम त्या डिस्कवर राहत नाही आणि तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी रिकामी आहे. विंडोज ७ चं यंत्र नेटवर्कला जोडत नाही. स्कॅन आणण्यासाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह आहे. तो आधी लिनक्सवर उघडते, चित्रांखेरीज त्यावर काही आलं आहे का पाहते आणि मग पुढे नेते.

एकच प्रोग्राम उरला आहे. पानांच्या मागच्या बाजूची शाई पुसट करणारा, एका जणाने एकट्याने लिहिलेला. त्याची साइट बंद झाली आहे आणि मूळ प्रत कुठेच मिळत नाही. दुरुस्त झालेली प्रत चालते, पण ताडून पाहायला काही नाही. बाधित प्रत ‘इन्फेक्टेड’ या पासवर्डच्या झिपमध्ये घालून, जशी अशा नमुन्यांसाठी पद्धत आहे, एका अँटिव्हायरस कंपनीच्या प्रयोगशाळेकडे पाठवली आहे. फॉर्ममध्ये फाइल कुठे सापडली, कोणत्या साधनाने काय नाव दिलं आणि काय हवं आहे हे विचारतात. ‘मूळ फाइल परत मिळवायची आहे’ असं लिहिलं. तिकीट क्रमांक आला आहे. तोपर्यंत दुरुस्त प्रत फक्त नेटवर्क नसलेल्या यंत्रावरच वापरते, आणि पाठपोट लिहिलेली पानं बाजूला काढून ठेवली आहेत. प्रयोगशाळेचं उत्तर आलं की याखाली जोडेन.